मुक्तद्वार, दुसऱ्या मजल्यावर

तालुक्याच्या गावातल्या नगरवाचनालयाची जुनी इमारत ‘धोकादायक’ ठरली की पुढे येणारा नकाशा बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातला असतो. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून आठ-दहा गाळे, पहिल्या मजल्यावर पतसंस्थेला द्यायचा हॉल आणि दुसऱ्या मजल्यावर ‘सुसज्ज वाचनालय’. गाळ्यांच्या अनामत रकमेतून बांधकाम होणार, भाड्यातून ग्रंथपालाचा पगार निघणार. सर्वसाधारण सभेत ठराव एकमताने मंजूर होतो, कारण दुसरा पर्याय कोणी मांडलेलाच नसतो. हा साचा चुकीचा आहे आणि तो मोडायला हवा. त्यात दोन चुका आहेत. एक, इमारत पाडण्यावाचून गत्यंतर नाही हे ज्या अहवालावरून ठरतं, तो अहवाल बहुधा भलत्याच चाचण्यांवर उभा असतो. दुसरी चूक जास्त मोठी आहे. वाचनालय रस्त्याच्या पातळीवरून उचललं की त्यातला सर्वात सार्वजनिक भाग मरतो.

त्या भागाला मराठीत फार नेमका शब्द आहे: मुक्तद्वार. पुस्तक घरी न्यायचं तर वर्गणी आणि अनामत भरा. पण आत येऊन वर्तमानपत्र वाचायला कोणी काही विचारणार नाही. जुन्या इमारतींची रचनाच या तत्त्वावर होती. दोन-तीन पायऱ्यांचं जोतं, पुढे पडवी, मग मोठ्या खिडक्यांचा दर्शनी हॉल आणि त्यात वर्तमानपत्रं लावायची उतरती लाकडी मांडणी. त्यामागे देवघेवीचा कट्टा आणि कट्ट्याच्या पलीकडे कुलपात ग्रंथदालन. पुढची खोली गावाची, मागची सभासदांची. बाजाराच्या दिवशी एसटीला अवकाश असलेला माणूस, सकाळी फिरून परतणारा पेन्शनर, दुपारचा रिक्षावाला हे पुढच्या खोलीचे वाचक. दुसऱ्या मजल्यापर्यंत चाळीस-पंचेचाळीस पायऱ्या होतात. एक पेपर चाळायला तेवढ्या कोणी चढत नाही. नकाशात लिफ्ट असते, हे खरं. पण तिचं वीजबिल आणि वार्षिक देखभालीचा करार कोणत्या खात्यातून भरायचा ते नकाशावर लिहिलेलं नसतं.

या खोल्या गावाच्या मध्यावर आल्या त्यालाही इतिहास आहे. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, अहमदनगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४०, पुण्याचं १८४८, कोल्हापूरचं १८५०, कल्याण आणि चिपळूणचं १८६४, सांगलीचं १८६९. पुण्याच्या वाचनालयामागे लोकहितवादींचा पुढाकार होता आणि त्याचं पहिलं नाव होतं ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’. या ‘नेटिव्ह जनरल’ घराण्यातल्या संस्था सुरुवातीला साहेबाच्या आश्रयाने, वकील, मुन्सफ, शाळामास्तर यांच्या वर्गण्यांवर चालल्या, आणि कपाटांत इंग्रजी पुस्तकंच अधिक होती. मराठी ग्रंथांसाठी वेगळं घर हवं ही जाणीव पुढची: ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० ला गेले आणि नंतर अनेक गावांतल्या वाचनालयांवर ‘टिळक स्मारक’ अशा पाट्या लागल्या. बऱ्याच ठिकाणी संस्था जुनी, इमारत तिच्याहून पन्नास-साठ वर्षांनी लहान आणि पाटीवरचं नाव त्याहूनही अलीकडचं असतं. शताब्दीच्या स्मरणिकेत हे तिन्ही एकाच वर्षी घडल्यासारखं छापलेलं असतं, ती गोष्ट वेगळी.

इमारतीचं खरं वय कोनशिलेपेक्षा साहित्यावरून जास्त विश्वासाने कळतं. कोनशिला पायाभरणीची असते, उद्घाटनाची असते, कधी नुसत्या देणगीदाराची. त्यापेक्षा कौल उतरवून उलटं करावं. मंगळुरी कौलाच्या पोटावर कारखान्याचा छाप असतो, आणि बासेल मिशनने मंगळुरात हा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. म्हणजे ‘१८५५ ची मूळ इमारत’ म्हणून दाखवली जाणारी वास्तू मंगळुरी कौलांची असेल, तर एक तर छप्पर नंतर बदललं आहे किंवा साल चुकलं आहे. त्याआधीची छपरं नळीच्या देशी कौलांची किंवा गवताची. माडीखाली लोखंडी तुळया असतील तर त्यांच्या कडेवर उठावदार अक्षरं शोधावीत. विलायती कंपनीचं नाव दिसलं तर माल आयात केलेला. टाटांचं नाव दिसलं तर काम १९१२ च्या नंतरचं, कारण साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पहिलं पोलाद ओतलं गेलं ते त्या वर्षी. सिमेंटचंही तसंच. पोरबंदरचा कारखाना १९१४ चा. त्याआधीच्या तालुक्याच्या गावातली भिंत घाणीत दळलेल्या चुन्यातली असणार, असं धरून चालावं. हा छंद म्हणून करायचा उद्योग नाही. दुरुस्तीचं सगळं गणित भिंत चुन्याची की सिमेंटची यावर बेतलेलं असतं.

इमारत धोकादायक होते ती अचानक नाही, आणि म्हातारपणामुळे तर क्वचितच. पहिलं कारण छप्पर. वैशाखात शाकारणी व्हायची तेव्हा फुटकी कौलं बदलली जात, रीपा तपासल्या जात, दोन पाखांच्या मधली पन्हळ साफ होई. शाकारणारा गडी मिळेना, मिळाला तरी कार्यकारिणीला खर्च जड वाटला, की पन्हळीत पिंपळपान आणि कावळ्याच्या काड्या साचतात. पाणी मागे फिरतं आणि भिंतीच्या माथ्यावर उतरतं. कैचीची आणि वाशांची टोकं भिंतीत शिरलेली असतात. कुजायला सुरुवात तिथून होते. हॉलमध्ये उभं राहून वर पाहणाऱ्याला सागवान ठणठणीत दिसतं, कारण दिसणारा भाग ठणठणीतच असतो. त्यात कोणी देणगीदार थर्मोकोल किंवा प्लायवूडचं खोटं छत लावून देतो. मग गळती छतावर साचते आणि कपाटावर टपकेपर्यंत कळतच नाही.

दुसरं कारण सिमेंट. चुन्याच्या भिंतीला ओल चढते आणि तिथूनच ती हवेत निघून जाते. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि कंबरेएवढ्या उंचीचा ऑइलपेंटचा पट्टा मारला की ओलीला बाहेर पडायला जागा राहत नाही. ती वर सरकते, सोबतचे क्षार गिलाव्याच्या मागे खडे धरतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीत हे आणखी लवकर होतं. मग ‘भिंत भुसभुशीत झाली’ असा शेरा पडतो आणि वर पुन्हा सिमेंटच थापलं जातं. उपाय उलट दिशेचा आहे: सिमेंट खरवडून काढायचं, सांधे मोकळे करायचे, भिंतीला निदान एक उन्हाळा सुकू द्यायचं, आणि मग किमान पंधरवडा पाण्याखाली मुरवलेल्या चुन्यात दुप्पट वाळू, किंवा वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून दुप्पट, असं मिश्रण दहा-बारा मिलिमीटरच्या पातळ थरांत लावायचं. प्रत्येक थर आठवडाभर ओला ठेवावा लागतो. कंत्राटदाराला हे नको असतं, कारण त्याची मजुरी दिवसांवर जाते आणि बिल मात्र चौरस मीटरवर निघतं.

तिसरं कारण इमारतीच्या बाहेर आहे. दर निवडणुकीच्या आधी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो आणि खालचा खरवडला जात नाही. तीस वर्षांत तीन पायऱ्यांच्या जोत्याची एक पायरी उरते. पावसाचं पाणी जे रस्त्याकडे वाहायचं ते पडवीत येतं. वाचनालय खचलं नाही, गाव वर आलं. पण नोटीस वाचनालयाला मिळते.

चौथं कारण मात्र वाचनालयांनी स्वतः ओढवलेलं आहे. राहत्या घराची माडी दर चौरस मीटरला २०० किलो वजन धरून योजतात. ग्रंथांच्या रॅकसाठी भारतीय मानक ६०० किलो धरायला सांगतं, तेही रॅक २.२ मीटर उंचीचा असेल तर. त्याहून उंच असेल तर दर मीटरला आणखी २००. हिशेब सोपा आहे. एक मीटर फळीवर वीस ते तीस किलो पुस्तकं बसतात. दोन्ही बाजूंनी सहा-सहा फळ्यांचा एक मीटर लांब रॅक म्हणजे तीनशे किलो, आणि तो उभा राहतो अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. खालचा हॉल अपुरा पडला म्हणून लाकडी माडीवर असे रॅक रांगेने, मधोमध उभे केले की तुळया झुकणारच. त्या झुकल्या म्हणून इमारत पाडायला निघालेल्यांना एकच विचारावं: रॅक खाली उतरवून तुळई किती परत येते, ते पाहिलं का?

हे पाहिलं गेलेलं नसतं, कारण तपासणीचा नमुना सिमेंट काँक्रीटच्या इमारतींसाठी बनलेला असतो. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्स या दोन्ही चाचण्या काँक्रीटची प्रत सांगतात. चुन्यात बसवलेल्या दगडी भिंतीवर हातोडा आपटून मिळालेला आकडा कोरा कागद भरायला उपयोगी, निदानाला नाही. अशा इमारतीत पाहायचं ते वेगळं. वाशाच्या भिंतीतल्या टोकाला पोगर (टोकदार छिन्नी) टोचून किती आत जातो, तुळईच्या मध्यावर दोरी ताणून किती झोळ आहे, भिंत ओळंब्यात आहे का, तडा जुना आहे की वाढतो आहे. शेवटच्यासाठी तड्यावर जिप्समची चिपाडी, म्हणजे पातळ पट्टी, बसवून तारीख लिहायची आणि निदान एक पावसाळा थांबायचं. चिपाडी शाबूत राहिली तर तडा मेलेला. पण हातात पडतो तो चार पानांचा छापील अहवाल आणि त्यावर ‘सी-१’, म्हणजे रिकामी करून पाडून टाका. खरं तर त्याच वर्गवारीत ‘सी-२ ए’ आहे, रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करा असं सांगणारा. आणि ‘सी-२ बी’ आहे, त्यात रिकामी करण्याचीही गरज नसते. जुनी कौलारू वाचनालयं या दुरुस्तीच्या दोन वर्गांत बसतात की नाही, याची तपासणी गांभीर्याने झाल्याशिवाय नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५ खालची नोटीस मुकाट्याने स्वीकारू नये. लेखी उत्तर द्यावं, चुन्याच्या आणि लाकडाच्या बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याचा दुसरा अहवाल जोडावा आणि तोवर मुक्तद्वार विभाग शेजारच्या शाळेच्या पडवीत हलवावा. जीविताचा प्रश्न खराच असेल तर एक दिवसही थांबू नये. माडी टेकू देऊन रिकामी करायला दोन दिवस पुरतात.

आता कागद. पाडायची की नाही याच्याआधी ती कोणाची आहे हे ठरवावं लागतं आणि इथे भल्याभल्यांची गडबड होते. सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवहीचा उतारा, दोन्ही काढावेत. पत्रिकेवर धारकाचं नाव असतं, पण ते नाव तिथे कसं आलं ते चौकशी नोंदवहीत सापडतं: विकत घेतली, बक्षीसपत्राने मिळाली, संस्थानाने दिली की नगरपालिकेने भाडेपट्ट्याने. सत्ताप्रकाराचा, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धरली आहे तो, रकाना वाचायला विसरू नये. जागा सरकारी असून ‘वाचनालयासाठी’ अशा शर्तीवर मिळालेली असेल तर गाळे बांधणं म्हणजे शर्तभंग. धर्मादाय नोंदणीच्या परिशिष्ट एकवर ही मिळकत चढलेली आहे का, हेही पाहावं. कित्येक संस्थांची इमारत तिथे नसतेच, आणि मग कोणीही तिच्यावर हक्क सांगू शकतो. चढलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ लागू होतं: विक्री, अदलाबदल, बक्षीस यांना आणि बिगरशेती मिळकत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. गाळेधारकाकडून मोठी अनामत घेऊन त्याला ‘कायमचा’ गाळा देणारे करार या कलमापुढे टिकत नाहीत. अनामत खर्च झालेली असते, करार लुळा असतो, भाडं वीस वर्षांपूर्वीचं असतं. संस्थेला उत्पन्न मिळावं म्हणून केलेली सोय संस्थेलाच कोर्टात उभी करते.

उत्पन्नाची गरज खोटी आहे असं मात्र कोणी म्हणू नये. १९६७ चा ग्रंथालय कायदा १ मे १९६८ ला लागू झाला. त्याने अ, ब, क, ड असे दर्जे आणले, अनुदान आणलं आणि राज्यभर हजारो वाचनालयं जगवली. पण मद्रासच्या १९४८ च्या कायद्यासारखा घरपट्टीवरचा ग्रंथालय उपकर आपल्या कायद्यात नाही. अनुदान सरकारच्या मर्जीच्या वेळी येतं, आणि आलं की आधी थकलेल्या पगारांत जातं. छपराला काही उरत नाही. १९४५ मध्येच ग्रंथालयांसाठी कायदा करणारं कोल्हापूर संस्थान याच मुलखातलं, हे आठवलं की जरा ओशाळायला होतं.

इमारत बांधायला माणसं पैसे देतात, चालवायला देत नाहीत. ही अडचण जगभर ओळखलेली आहे. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी अमेरिकेतल्या छोट्या गावांना वाचनालयाची इमारत देई ती एका अटीवर: जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी करातून चालवण्यासाठी ठेवायची. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतली वाचनालयं पाहिली, १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणलं आणि गावोगावच्या वाचनालयांसाठी तिसऱ्या हिश्शाची पद्धत बसवली: एक वाटा लोकांचा, एक स्थानिक पंचायतीचा, एक सरकारचा. दोन्हींत मर्म एकच आहे, वर्षानुवर्षं देण्याची लेखी बांधिलकी. आपल्याकडे कोनशिला बसवली जाते आणि बांधिलकी त्याच दिवशी संपते.

म्हणून गाळे नकोतच, असा हट्ट नाही. गाळे कुठे, हा प्रश्न आहे. बहुतेक जुन्या वाचनालयांना मागे किंवा बाजूला मोकळी जागा असते. विहीर, पडका गोठा, एखादं आंब्याचं झाड. कुंपणाच्या कडेने एकमजली चार गाळे निघतात आणि हॉलला हात लागत नाही. जागाच नसेल आणि बांधावंच लागलं, तर वरचे मजले भाड्याने द्यावेत. दवाखाना, शिकवणी वर्ग, वकिलाचं ऑफिस पहिल्या मजल्यावर खुशाल चालतं, भाडं थोडं कमी येतं. तेवढा फरक म्हणजे मुक्तद्वाराची किंमत, आणि ती ताळेबंदात उघड लिहावी. भाड्याचा ठरावीक हिस्सा वेगळ्या देखभाल खात्यात जावा आणि त्यातून पगार देण्यास मनाई असावी. हे पोटनियमात घातलं नाही तर तिसऱ्या वर्षी ते खातं रिकामं होतं. अभ्यासिकेसाठी मात्र वरचा मजला उत्तम. स्पर्धा परीक्षेची मुलं बारा-बारा तास बसतात, त्यांना शांतता हवी असते आणि जिन्याचं त्यांना काही वाटत नाही.

तळमजल्याच्या आग्रहाला एक खरा आक्षेप आहे, पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाचनालयांत पाणी शिरलं आणि ग्रंथांची हानी झाली. नदीकाठच्या गावात सगळंच खाली ठेवा असं म्हणणं वेडेपणाचं. तिथे वाटणी करावी: वर्तमानपत्रं, मासिकं, देवघेवीच्या चालू कादंबऱ्या खाली, म्हणजे बुडालं तर पुन्हा विकत मिळेल असं सगळं. दुर्मिळ ग्रंथ, जुन्या नियतकालिकांच्या बांधीव फायली, दाखल नोंदवह्या आणि इतिवृत्तं वर. ही पुस्तकं संख्येने थोडी असतात. माडीवर ती भिंतीलगत, तुळयांना आडवी अशी ठेवली तर वजन वाटलं जातं. खालच्या रॅकमध्ये पुस्तकं गच्च बसवू नयेत. भिजून फुगली की ओढून निघत नाहीत आणि रॅकच वाकवतात. पाणी ओसरल्यावर हातात साधारण दोन दिवस असतात, त्यानंतर बुरशी धरते. उन्हात पसरणं हा सगळ्यांना सुचणारा आणि वाईट उपाय: बांधणी वाकते आणि गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना कायमची चिकटतात. थोडी पुस्तकं असतील तर टीपकागद घालून पंख्याखाली, सावलीत. शेकड्यांनी असतील तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठवायची आणि सवडीने थोडी थोडी सुकवायची. कोकण किनाऱ्यावर मासळी उणे १८ अंशांखाली गोठवणारे कारखाने आहेत. त्यांच्याशी पावसाळ्याआधी बोलून ठेवलेलं बरं. वासाचं नंतर बघता येईल.

पाडकामाचा ठराव झालाच असेल, तरी वाट बंद झालेली नसते. कलम ३६ खालच्या अर्जावर हरकत घेता येते, आणि त्यासाठी विश्वस्त असण्याची गरज नाही. वाचनालयाच्या कामाशी संबंध असलेला साधा वर्गणीदार पुरतो. हरकतीसोबत चार कागद लावावेत: चौकशी नोंदवहीचा उतारा, दुसऱ्या अभियंत्याचा अहवाल, चिपाड्यांचे तारखांसह फोटो, आणि मुक्तद्वार विभागात रोज किती माणसं येतात याची निदान महिनाभराची मोजणी, बाजाराचा दिवस वेगळा दाखवून. शेवटचा कागद संस्थेच्या दप्तरात कधीच नसतो, कारण त्या वाचकांची नावं कोणत्याही नोंदवहीत नाहीत. तो आपणच, दारात बसून, बनवावा लागतो.